पोर्तुगीज काळातील चांदीची नाणी ओळखण्याची सोय हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातील अनेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात पोर्तुगीज अमलातील चांदीचा रुपया अजूनही मांडला जातो. मात्र तो नेमका कोणता हे ठाऊक नसल्याने अडीनडीला असे नाणे सोनाराकडे वजनावर मोडले जाते आणि मुशीत जाऊन कायमचे नष्ट होते. याचे मला फार वाईट वाटते.

जुने ते सारे दुर्मीळ, असे अर्थातच नाही. राजा लुईश पहिला याची मुद्रा असलेले १८८१ व १८८२ या सालांचे रुपये १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. ब्रिटिश रुपयाइतकेच, म्हणजे ११.६६ ग्रॅम किंवा बरोबर एक तोळा वजनाचे हे रुपये आजही बऱ्यापैकी सापडतात. याउलट अठराव्या शतकात गोव्याच्याच टांकसाळीत हाताने ठोकलेल्या नाण्यांची कड वेडीवाकडी असते, ठसा मध्यापासून सरकलेला असतो आणि कधी तर सालातला एखादा अंक नाण्याबाहेरच राहिलेला असतो. अनभिज्ञ माणूस नेमकी हीच नाणी टाकाऊ समजतो. १९४७ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, तर १९५२ च्या रुपयात मुळीच नाही.

नकली नाणीही बाजारात फिरतात. ती बहुधा ओतीव असल्याने कडेवर साच्याचा सांधा दिसतो, अक्षरे बुजल्यासारखी वाटतात आणि काट्यावर वजन जुळत नाही. घरच्या नाण्यांबाबत मात्र एक कळकळीची विनंती आहे: दिवाळीला ती चिंच लावून किंवा रांगोळीने घासू नयेत. चांदीवरचा काळपट थर हा मळ नसतो आणि तो घासताना राजाच्या चेहऱ्यावरचे बारीक उठावही झिजून जातात, ते पुन्हा येत नाहीत.

राज्य वस्तुसंग्रहालयाने व पुरातत्त्व खात्याने प्रत्येक तालुक्यात ठरावीक दिवशी जाणकार बसवून नाणी विनामूल्य ओळखून द्यावीत, त्यांची छायाचित्रे व वजने नोंदवावीत आणि नाणे मालकाकडेच राहील असे स्पष्ट सांगावे. तसे आश्वासन मिळाल्याशिवाय लोक नाणी घराबाहेर काढणार नाहीत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, हेही तेथेच समजावून द्यावे, कारण परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांना अशी नाणी भेट म्हणून सहज दिली जातात.

आपला,
एक नाणेसंग्राहक, फोंडा