दार आता बाहेर उघडेल

नेरूळ, नवी मुंबई
कार्तिक शुद्ध त्रयोदशी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होत असतानाही हे पत्र लिहीत आहे, याचे पहिले कारण असे की बाबांना फोनवर अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे आई आपल्या शब्दांत सांगते. मला मात्र हे सगळे माझ्याच शब्दांत बाबांपर्यंत पोहोचवायचे आहे. दुसरे कारण सांगताना मन खाते. गेले तीन आठवडे मी तुमच्याशी खरे बोललेले नाही. ठोकाठोकीचा आवाज कसला, असे आईने दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी वरच्या मजल्यावर काम चालू असल्याचे सांगितले. ते काम आपल्याच घरात चालू होते. आपले बाथरूम मी पूर्ण फोडले आहे आणि ते नव्याने बांधते आहे.

बाबा, पत्र बाजूला ठेवू नका, पुढे वाचा. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मिरजेला निघालात आणि तिसऱ्या दिवशी मी छिन्नी हातात घेतली. ठरवले होते त्याच्याही आधी. दिवाळी यंदा ताईकडे करा, असा आग्रह मी धरला तेव्हा तुर्भ्याच्या दुकानात लाद्यांची आगाऊ रक्कम भरून झाली होती. ताईला हे ठाऊक होते. तिच्यावर रागावू नका, शपथ मीच घातली होती. तुम्हाला आधी विचारले असते तर बाबा धुळीत स्टूल टाकून बसले असते, मला हातोडा धरू दिला नसता आणि त्यांचा दमा पुन्हा उसळला असता. विचारायला हवे होते, हे मला कळते. तरीही पुन्हा वेळ आली तर मी असेच करीन.

गौरीजेवणाच्या रात्रीविषयी आपण तिघेही बोलत नाही, आणि आजही मी एवढेच बोलणार आहे, की त्या रात्री दार आत उघडत होते. कडी उघडली होती, दार ढकलायला आम्ही चौघे होतो, आणि तरी आम्हाला जोर लावता येत नव्हता, कारण दाराला लागून तुमचा गुडघा होता, बाबा. खालच्या काकूंच्या मुलाने झरोक्याच्या काचा काढून आत हात घालेपर्यंत जो वेळ गेला, तो मी अजून मोजते. डोक्याला टाके पडले ते भरले, पण ते दार मात्र माझ्या मनातून गेले नाही. बाथरूमचे दार बाहेर उघडणारे असावे आणि त्याची कडी बाहेरून नाण्याने फिरवून काढता यावी, ही गोष्ट इतकी साधी आहे, की इतकी वर्षे आपल्या कुणाच्या लक्षात आली नाही याचेच मला वाईट वाटते. यात तुमचे वय झाले असे मी कुठेही म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात शाम्पूच्या फेसावरून मीसुद्धा घसरले होते. तुम्हाला सांगितले नव्हते, एवढेच.

आता ज्याची मला सर्वांत जास्त भीती वाटत होती ते सांगते. १९९४ साली हे सिडकोचे घर ताब्यात मिळाल्यावर बाबांनी स्वतः बसवलेली मोरीची कडाप्प्याची कड आणि दाराचा उंबरा मला काढावा लागला. उंबरा अडीच इंच उंच होता आणि रात्री बाबांचा उजवा पाय त्यालाच अडकतो, हे आईनेच मला सांगितले होते. कड काढताना मी यंत्र वापरले नाही. एक पूर्ण सकाळ पातळ छिन्नीने चारही बाजू मोकळ्या केल्या आणि दगड अखंड निघाला. त्याच्या खालच्या अंगाला बाबांनी खिळ्याने कोरलेली तारीख निघाली. ती तिथे आहे हे तुम्ही कधी सांगितलेच नव्हते! तो दगड मी धुऊन गॅलरीत तुळशीखाली बसवला आहे, आणि काल तुळशीचे लग्न त्याच दगडावर लागले. आई, ऊस, चिंचा, आवळे सगळे आणले होते. मंगलाष्टके खालच्या काकूंनी म्हटली. तू नव्हतीस याची रुखरुख सगळ्यांनाच होती.

ठेकेदाराला का दिले नाही, हे बाबा विचारणारच. दोन ठेकेदार येऊन बघून गेले. पहिला म्हणाला की जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवू, तीन दिवसांत काम होईल. तसे केले असते तर जमीन आणखी वर आली असती आणि काकूंच्या स्वयंपाकघरात झिरपणारे पाणी आत तसेच राहिले असते. दुसऱ्याने सगळे मापून नेले आणि नंतर फोन उचलला नाही. माझी साठलेली रजा शिल्लक होती, सोसायटीला लेखी अर्ज देऊन परवानगी घेतली होती आणि ओळंबा, थापी, पट्टी ही बाबांची हत्यारे घरात होतीच. जे काम माझे नाही त्याला मी हात लावलेला नाही, ही खात्री बाळगा. नळ प्लंबरने जोडले; जुने लोखंडी पाइप आतून गंजून निम्मे बुजले होते, आता गरम पाण्याला सीपीव्हीसीचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे, पाइप आहेत आणि भिंत बुजवण्याआधी पंपाने दाब देऊन सांधे तपासले आहेत. वीज परवानाधारक वायरमनने केली. गिझरच्या वाटेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे. विजेची गळती होताच तो वीज तोडतो. तोडफोडीला दोन दिवस एक मजूर होता आणि राडारोड्याच्या एकेचाळीस गोण्या रीतसर उचलून नेल्या. बाकी सर्व मी केले.

फोडल्यावर कळले की न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, सांधा सुटला होता आणि स्लॅबच्या खोलगट भागात भरलेला विटांचा कोबा चिखलासारखा ओला होता. काकू तीन वर्षे सांगत होत्या आणि आपण त्यांच्या छताला रंग काढून देत होतो. तो सगळा कोबा उपसून स्लॅब वाळू दिला, ट्रॅप नवा बसवला, कोपऱ्यांना गोलाई देऊन त्यावर काचतंतूंची जाळी बसवली आणि जलरोधकाचे दोन हात दिले, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. जमिनीवर सगळीकडे, भिंतींना फूटभर आणि जिथे अंगावर पाणी घ्यायचे तिथे सहा फुटांपर्यंत. मग ट्रॅपचे तोंड बंद करून तीन इंच पाणी भरले आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली.

इथेच साहित्याच्या उशिराचा उपयोग झाला. लाद्या वेळेवर आल्या असत्या तर ही चाचणी मी दोन दिवसांत आटोपली असती. वसुबारसेला नऊ खोकी आली. त्यांतल्या चार खोक्यांवर लादीचे नाव आणि माप तेच होते, पण छटेचा क्रमांक वेगळा होता. गॅलरीतल्या उन्हात दोन लाद्या शेजारी ठेवल्या तर एक करडी आणि दुसरी पिवळसर दिसत होती. दुकानदाराने चारही खोकी परत घेतली, पण त्या क्रमांकाचा माल मोरबीहूनच यायचा होता. गुजरातेतले कारखाने आणि वाहतूक दिवाळीला बंद होतात ती लाभपंचमीलाच उघडतात, आणि गाडी निघाली तरी वापी, वसई, घोडबंदर असा सगळा रस्ता अवजड वाहनांच्या वेळा सांभाळत पार करावा लागतो. पाच खोक्यांवर काम सुरू करावे असे मला दोनदा वाटले. केले नाही, कारण एकदा सुरू केल्यावर मधेच तो क्रमांक मिळाला नाही तर सगळेच उखडावे लागते. मग पाणी दोन दिवसांऐवजी सहा दिवस तसेच ठेवले. वाफेने गेले तेवढे सोडले तर पाणी खुणेवरून हलले नाही आणि काकूंच्या छताला रोज सकाळी हात लावून पाहिला तो कोरडा होता. खालापूरच्या मोरबे धरणाचे पाणी भरून सौराष्ट्रातल्या मोरबीच्या लाद्यांची वाट पाहत मी सहा दिवस बसले होते.

लाद्या खरबरीत पृष्ठाच्या, फूट बाय फूट अशा निवडल्या आहेत. मोठ्या गुळगुळीत लाद्या दिसायला सुंदर असतात, पण लहान लाद्यांत सांधे जास्त येतात आणि पायाला धर मिळतो, शिवाय ढाळही नीट काढता येतो. उंबरा गेल्यामुळे पाणी हॉलमध्ये येईल ही आईची पहिली शंका असणार. येणार नाही. पाच फुटांत पाऊण इंच ढाळ दिला आहे आणि दाराशी आडवी लांब जाळी बसणार आहे.

ढाळ काढण्यासाठी आधी चारी भिंतींवर एका पातळीची रेघ मारावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगावे! माळ्यावरून तुमची लेव्हलची नळी काढली, तीच, जिच्यात भरलेले पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर ठरते. मी दुसरीत असताना स्वयंपाकघराचा ओटा घातलात तेव्हा नळीचे एक टोक तुमच्या हातात होते आणि दुसरे माझ्या. मी श्वास रोखून उभी असे आणि तुम्ही पलीकडून म्हणत असा, "हलू नकोस, पाणी ठरू दे." मग मी "ठरले" म्हटले की तुम्ही खूण करत असा, माझ्या शब्दावर विसंबून. या वेळी दुसरे टोक खिडकीच्या गजाला बांधले आणि प्रत्येक खुणेसाठी इकडून तिकडे गेले. रेघ बरोबर आली आहे. पण दर वेळी तोंडातून "ठरले का?" असे निघून जात होते.

आता ज्याला बाबा नाही म्हणतील ते. भिंतीला स्टीलच्या दांड्या बसणार आहेत. एक अंगावर पाणी घेण्याच्या जागी, एक दाराशी, एक शेजारी संडासात. घराचे इस्पितळ नको, हे तुमचे वाक्य मला पाठ आहे. म्हणून चमकणाऱ्या घेतल्या नाहीत, फिकट दुधी रंगाच्या घेतल्या आहेत, आणि त्यांच्यावर टॉवेल टाकला तर तुम्हाला टॉवेलची दांडीच वाटेल. पण माणसाचे पूर्ण वजन पेलतील अशाच त्या असणार. त्यासाठी बोल्ट भिंतीच्या आरपार जातील आणि पलीकडे पट्टी बसेल. आई, पलीकडे तुझे स्वयंपाकघर आहे. झाऱ्या-डावांच्या फळीमागे चार बोल्टांची डोकी दिसतील. फळी परत लावली की झाकली जातील. गिझरही मी ५० अंशांवर बांधून ठेवणार आहे, कारण ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच कातडी भाजते. तुला कढत पाणी लागते हे ठाऊक आहे, पण ५० अंशांचेही विसण घातल्याशिवाय अंगावर घेववत नाही.

माझी काळजी करू नका. आंघोळ काकूंकडे होते, संडास चालू आहे, डबा मी स्वतः करते, धुळीत मास्क लावते. हाताला दोन फोड आले होते, ते बसले.

दुकानदाराने येत्या सोमवारी माल येईल असे सांगितले आहे. मी गुरुवार धरून चालले आहे. त्यापुढे लाद्या लावायला आणि सांधे भरून वाळायला बारा दिवस लागतील. आई, मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी तुला आपल्या घरात घट मांडायचा आहे हे मला माहीत आहे, पण तो शब्द मी देऊ शकत नाही. दुसरा गुरुवार नक्की. पहिला ताईकडे मांड. तिच्या सासूबाईंनाही बरे वाटेल.

तोवर काही गोष्टी ऐकायच्या आहेत. तुम्ही दोघांनी परस्पर कोयना एक्सप्रेसमध्ये बसून निघायचे नाही. मी मिरजेला येऊन तुम्हाला घेऊन येणार आहे. ताईच्या बाथरूममध्ये रबरी चटई टाकायला मी तिला सांगितले आहे, ती बाबांनी गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची नाही. आंघोळीला जाताना आतून कडी लावायची नाही. पहाटे उठल्यावर पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायचे आणि मगच उभे राहायचे. रक्तदाबाच्या गोळीने उठताक्षणी चक्कर येऊ शकते, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितले होते. तळ झिजलेल्या त्या निळ्या चपला टाकून द्या, दाजी नव्या आणतील. आणि मला पैसे पाठवायचे नाहीत, बाबा. पाठवलेत तर मी परत पाठवीन.

एक काम मात्र तुमच्याकडून हवे आहे आणि ते रविवारच्या आत हवे आहे. दांड्यांची उंची साधारण ३३ ते ३६ इंच ठेवतात, पण ती तुमच्या हाताला बरोबर यायला हवी. दोघांनी भिंतीला लागून, अनवाणी, सरळ उभे राहायचे, हात खाली सोडायचे आणि जमिनीपासून मनगटापर्यंतचे माप ताईने घ्यायचे. मग कोपर किंचित वाकवून जिथे आधार घ्यावासा वाटेल तिथले दुसरे माप. बाबा, पाठ ताणून उंची वाढवू नका, रोज जसे उभे राहता तसेच राहा. टेप ताईच्या शिलाई यंत्राच्या खणात आहे. मापे फोनवर आईने सांगायची नाहीत, बाबांनी कागदावर लिहून ताईकडून फोटो पाठवायचा.

तुमची
धाकटी

ता. क. आई, तांब्याचे घंगाळ मोडीत घातलेले नाही. चिंचेने घासून हॉलमध्ये ठेवले आहे. त्याच्यासाठी खिडकीखाली दीड फुटाची जागा सोडली आहे, नळाची तोटी बरोबर त्याच्यावर येते.