काकाजी, पटाशी अजून माझ्याकडंच आहे

काकाजी, रामराम.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे, पण सूनबाई वाचून दाखवतील म्हणून इथंच लिहून राहिलो. दुसरं कारण असं की आमच्याकडच्या दोन पोट्ट्यांनी परवा दुकानात येऊन विचारलं, दादा घरी स्पीकर बॉक्स बनवायचा आहे तं कोणती मशीन घ्यायची, अन् मी सांगायला तोंड उघडलं तं सगळं तुमचंच बोलणं बाहेर पडलं. मंग म्हटलं आभार मानायचेच आहेत तं सगळ्यांसमोर मानतो, त्यातच त्यांचंही उत्तर निघून जाईल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. काकाजी सुतारकाम करतात. माझं गाव वर्धा जिल्ह्यात आर्वीकडचं, पंखे, मिक्सर, मोटारपंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो. करंटचं काम हातात बसलेलं, ॲम्प्लिफायर स्वतः जोडलेला, पण लाकडाचं म्हणाल तं खिळाही सरळ ठोकता येत नव्हता. बाबांना तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकायची लय हौस. मोबाईलच्या आवाजात खंजिरीच्या नुसत्या झांजा वाजतात, चामड्यावरची थाप येतच नाही. म्हणून दिवाळीनंतर, सोयाबीन विकून झाल्यावर, साडेसहा इंची स्पीकरचे दोन बॉक्स घरी बनवायचे ठरवले.

तुम्ही त्या दिवशी टेबलफॅन घेऊन आला होता. मी अंगणात बसून एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेली, फळी एका टोंगळ्यावर (गुडघ्यावर) टेकवलेली, हातात ४ इंची ग्राइंडर, त्यावर लाकडाची दातेरी चकती, अन् चकतीचं गार्ड काढून बाजूला ठेवलेलं कारण गार्ड असलं की फळीत खोल जात नव्हती. गळ्यात दुपट्टा. आता लिहितानाच अंगावर काटा येतो, पण तेव्हा वाटत होतं की आपण लय जुगाड केला. तुम्ही फॅन खाली ठेवला अन् ओरडला नाहीत, हे मला अजून आठवते, एवढंच म्हणाला, "बाबू, थे मशीन बंद कर पयले, मंग बोलू."

मंग मशीन हातात घेऊन उलटी-पालटी करून पाहिली. "जिले बसाले बूड नाई, थे मशीन सरळ चालन कशी?"

या एका वाक्यात सगळं होतं, मला ते समजायला दोन दिवस लागले. ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो, तो घासायसाठी बनवला आहे, त्याला फळीवर टेकायला पायाच नाही. हात जरासा वाकडा झाला की चकती कापात अडकते, किंवा कापलेल्या दोन बाजू दबून जवळ येतात अन् चकतीला मागून चिमटा बसतो, मंग दात फळी सोडतात अन् पूर्ण मशीन तुमच्या अंगावर येते. गार्ड नसलं तं मधे काहीच नाही, अन् माझ्या बाबतीत खाली माझाच टोंगळा होता. त्या दोन पोट्ट्यांपैकी एकानं विचारलं, ग्राइंडर नाही तं मार्बल कटर चालेल का. त्याला बूड आहे हे खरं, पण ते फरशीसाठी आहे. लाकडाच्या कटर मशीनला खालचं गार्ड स्प्रिंगनं आपोआप बंद होते, मार्बल कटरला ते नसते, काप संपल्यावर चकती उघडीच फिरत राहते. आपल्याकडे अर्धे मिस्त्री तेच वापरतात हे मी पाहतो, तरीबी सांगतो, नको.

बरं मी विचारलं, मंग कोणती मोठी मशीन घेऊ. मला वाटलं तुम्ही पंधरा-वीस हजाराची यादी द्याल. तुम्ही म्हणाला, लांब काप आपण कापायचेच नाहीत! वर्ध्याला प्लायच्या दुकानात मोठी पॅनल मशीन असते, कापाचे पैसे देऊन टाकायचे, सगळे तुकडे काटकोनात अन् एका मापाचे घरी येतात. आपल्या हाताला राहते ते स्पीकरचं गोल भोक, कडा अन् जोडणी, त्यासाठी ड्रिल माझ्याकडं होतंच, एक जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या बारीक पात्याची करवत) अन् एक ट्रिमर (कडा अन् खाचा कोरायची फिरत्या टोकाची मशीन) घेतला. माझे वाचलेले पैसे मी मोजले नाहीत, बोटं मोजली.

दुकानात जायच्या आधी तुम्ही कागद मागितला. मी ऐटीत सांगितलं, काकाजी मला १८ लिटरचा बॉक्स पाहिजे, २० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, गुणाकार १८ हजार घनसेंटिमीटर, झाले १८ लिटर. हे लिटरचं गणित काही माझं नाही, ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं अन् पुढं रिचर्ड स्मॉल यांनी वाढवलं, स्पीकरच्या कागदावर आकडे असतात त्यावरून त्याला किती हवेचा डबा लागतो ते निघते. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, "बाहेरचं माप सांगून राहिला का अंदरचं?"

मी गप्प. मी ते माप बाहेरचं धरून फळ्या कापणार होतो. १८ मिलीमीटरची फळी दोन्हीकडून गेली की आत उरते १६.४ बाय २६.४ बाय २६.४, म्हणजे जेमतेम साडेअकरा लिटर. १८ च्या जागी साडेअकरा! बाहेरचं माप पाहिजे होतं २३.६ बाय ३३.६ बाय ३३.६. लिटर काय असते हे न विचारता तुम्ही माझा बॉक्स वाचवला.

एमडीएफवरून आपलं भांडण झालं ते लिहू का? लिहितोच. तुमचं म्हणणं, "हे काय लाकूड हाय? भुसा हाय भुसा. ओला झाला का भजं होते." ओलं झाल्यावर फुगते हे खरंच आहे. तुम्ही सागवान देतो म्हणाला, बल्लारशाचं, जुन्या दाराचं. माझं म्हणणं होतं की अखंड सागवानाची फळी आपल्या उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, अन् जोड उघडला की बॉक्समधून हवा फुसफुसते अन् आवाज बिघडतो. हलक्या प्लायमध्ये मधे पोकळ्या निघतात, तिथून भणभण येते. यावर तुम्ही बराच वेळ विचार केला अन् म्हणाला, आकसते ते बरोबर हाय. शेवटी बॉक्स एमडीएफचा अन् समोरच्या कडेला तुमच्या सागाची पट्टी, दोघांचंही राहिलं.

पण भुश्याच्या बाबतीत मी तुम्हाला ऐकवलं, ते पुन्हा ऐकवतो. तोंडाला दुपट्टा बांधून चालत नाही. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो अन् त्यात चिकटवायच्या केमिकलचा अंश असतो, अन् साधा लाकडाचा भुसासुद्धा कॅन्सर करू शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं १९९५ मध्येच नक्की केलं आहे. सागाच्या भुश्यानं तुम्हाला शिंका येतात, हाताला खाज येते, ते तुम्ही जन्मभर थंडीवर ढकलून राहिले. एन९५ मास्क लावा काकाजी. सूनबाई, हा पॅरा दोनदा वाचा.

आता ती संध्याकाळ. तुमच्या छपरीत, वरती तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोट्ट्यांच्या पोळ्याचे, उरलेले लाकडी बैल टांगलेले, खाली मी स्पीकरचं भोक कापून राहिलो होतो. फळी टेबलाला दोन शिकंज्यांनी (क्लॅम्पनी) आवळलेली, हे तुम्ही शिकवलं होतं, चांगली बाजू खाली, कारण जिगसॉचं पातं वर येताना कापते अन् वरच्या बाजूचे टवके उडवते, हेही तुम्हीच. कडं काढून ठेवलं होतं, दुपट्टा खुंटीला. हातमोजे घालू का म्हटलं तं तुम्ही म्हणाला होता की फिरणाऱ्या मशीनसमोर मोजा नको, मोज्याचा धागा ओढला गेला तं बोट संगं जाते. सगळं नियमानं. अन् निम्म्या कापात लाइन गेली.

मी काय केलं? जिगसॉ बाहेर काढली, टेबलावर आडवी ठेवली अन् मोबाईलचा टॉर्च लावायला खाली वाकलो. बटन लॉकवर दाबलेलं तसंच होतं. लाइन आली. ती मशीन टेबलावर बेडकासारखी नाचत कडेला आली अन् खाली पडली, पातं माझ्या पॅन्टीला पोटरीवर घासून गेलं, कापड फाटलं, कातड्यावर नुसता ओरखडा. मी बधिरासारखा उभा, तुम्ही तोवर बोर्डातून प्लग उपटला होता. नंतर बिडी पेटवून बसला अन् म्हणाला, "लाइन गेली का पयले प्लग, मंग टॉर्च. भैताडावानी करू नको." शिवी तेवढी एकच दिली.

मला रात्री झोप नाही आली, दुखण्यानं नाही, लाजेनं. कारण मी आयुष्यभर पंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो अन् त्यात नो व्होल्ट कॉइल असते ती नेमकी याचसाठी असते, लाइन गेली की कॉइल सुटते अन् लाइन आली तरी पंप आपोआप चालू होत नाही, पुन्हा हिरवं बटन दाबावं लागते. शेतकरी ऑटो (लाइन आली की पंप आपोआप चालू करणारा स्विच) लावून ती सोय बाजूला सारतात ती गोष्ट वेगळी. शेतातल्या मोटारीला जे माहीत आहे ते माझ्या हातातल्या मशीनला नव्हतं, अन् ते बसवता येणारा माणूस गावात मीच!

तिसऱ्या दिवशी तुमच्या छपरीत तो डबा बसवला, तुम्हाला वाटलं मी उपकार फेडून राहिलो. एक कॉन्टॅक्टर (स्टार्टरसारखाच कॉइलवर चालणारा स्विच), हिरवं बटन, लाल बटन, अन् आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. लाइन गेली की बोर्ड मरतो, अन् हिरवं दाबल्याशिवाय जिवंत होत नाही. पोट्टे हो, खेड्यात लाकडाचं काम करणार असाल तं मशीनच्या आधी हे बसवा, जवळच्या वायरमनकडून बसवून घ्या, खर्च ट्रिमरपेक्षा जास्त नाही. तरीबी पातं किंवा बीट (ट्रिमरचं कापणारं टोक) बदलताना प्लग काढायचाच, डब्यावर भरोसा ठेवून नाही. काकाजी, तुम्ही आजही हिरवं बटन बंद असताना प्लगसुद्धा काढता, मला दिसते ते.

ट्रिमरचं थोडं सांगतो कारण माझी तिथं एक फळी वाया गेली. स्पीकरची कडी फळीत बसावी म्हणून आधी उथळ खाच करायची अन् मंग आरपार भोक, ट्रिमर ज्याभोवती गोल फिरवायचा तो मधला खिळा दोन्हीला एकच. मी पहिल्या फळीत आधी भोक पाडलं, मधला गोल खाली पडला, त्यासोबत खिळ्याची जागाही गेली, आता खाच कशाभोवती फिरवू? तुम्ही हसला नाहीत पण बैलाकडं पाहत राहिलात. दुसऱ्या फळीला नीट केलं, १४६ मिलीमीटरचं भोक म्हणजे खिळ्यापासून बीटच्या बाहेरच्या धारेपर्यंत ७३, एका वेळी ३ मिलीमीटरच खोल, सहा फेऱ्यांत १८. मधला गोल खालच्या रद्दी फळीला डबल टेपनं चिकटवून ठेवला म्हणजे सुटून बीटमध्ये येत नाही. अन् बाहेरच्या कडा गोल करताना घड्याळाच्या उलट फिरायचं, बीटच्या फिरण्याच्या समोरून, नाहीतर ट्रिमर हातातून पळतो. प्रत्येक कापाच्या आधी तुम्ही मला प्लग न लावता पूर्ण हात फिरवून दाखवायला लावायचे, वायर कुठं अडकते, कोपर कुठं टेकतं, शेवटी कुठं उभा असशील. शेजारचे पाहून हसायचे की हा बिना करंटचं काय कापून राहिला. हसू द्या.

चिकटवायला माझ्याकडं लांब शिकंजे नव्हते तं तुम्ही बैलबंडीचा दोर काढला, बॉक्सभोवती गुंडाळून काडीनं पीळ दिला, पाचर मारली, फेविकॉल सगळ्या सांधीतून सारखा बाहेर आला. कोन्यातून कोन्यात दोरीनं मोजलं, दोन्ही माप सारखे, म्हणजे काटकोन. दुकानातला शिकंजा मी नंतर घेतला, पण दोराइतका सारखा दाब त्यानं येत नाही असं माझं मत.

बाबांनी पहिलं भजन लावलं तेव्हा काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलंच आहे, "आता थाप आली". एवढं बोलून पुन्हा लावलं. तुम्ही मजुरी घेतली नाही, फॅनचे पैसे मी घेतले नाही, त्यात बरोबरी होत नाही हे दोघांनाही माहीत आहे.

आता खरी गोष्ट. मागच्या बाजूला वायरच्या प्लेटची खाच मी तुमच्या पटाशीनं (लाकूड कोरायच्या छिन्नीनं) केली. दोन्ही हात धारेच्या मागं, तुम्ही बैलाच्या तुटक्या पायावर शिकवलं तसंच, हाताला काही झालं नाही. पण खाली एक स्क्रू होता, तो मीच मारलेला अन् मीच विसरलेलो, अन् पटाशीच्या धारेचा एक कोपरा उडाला. म्हणून दोन महिने झाले परत आणली नाही. नवी घेऊन देतो म्हटलं तं तुम्ही घेणार नाही, तिची मूठ तुमच्या वडिलांच्या हातची आहे. रोज रात्री दुकान बंद केल्यावर दगडावर घासून राहिलो, निम्मा खळगा गेला, निम्मा बाकी आहे. संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतो, तेव्हा आणतो. तोवर सूनबाईंनी हे वाचून दाखवलं असेल तं मला दारातच काही म्हणू नका.

तुमचा,
पंखेवाला पोट्टा