आजोबांच्या तारेवरची पत्रं

॥ श्री ॥

कोपनहेगन,
8 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मागची खोली रिकामी करताना आजोबांची पत्रांची तार, म्हणजे आलेली पत्रं ओवून ठेवायची लोखंडी तार, सापडली, दादानं रद्दीवाल्याला निरोप धाडलाय आणि ओंकारला त्यातली तिकिटं कापून वहीत चिकटवायची आहेत, असं वहिनी म्हणाल्या. फोनवर मी बोलले, पण फोनवरचं बोलणं या कानानं येतं नि त्या कानानं जातं. पत्र आलं की तुम्ही सगळ्यांना बसवून वाचून दाखवता, म्हणून लिहायला घेतलं. तार रद्दीत घालू नका आणि एकही तिकीट कापू देऊ नका. का, ते सांगते.

इथं डेन्मार्कमध्ये 30 डिसेंबरला सरकारी टपालानं शेवटचं पत्र वाटलं. चौथ्या ख्रिस्तियान राजानं 1624 साली सुरू केलेली व्यवस्था. आता पोस्टनॉर्ड, म्हणजे हेच सरकारी टपाल, फक्त पार्सलं पोचवणार. 2000 साली या एवढ्याशा देशात 140 कोटी पत्रं वाटली जायची, 2024 साली ती 11 कोटींवर आली. बँक, दवाखाना, नगरपालिका, सगळ्यांचा पत्रव्यवहार सरकारी डिजिटल पेटीत येतो, आणि 2014 पासून ती पेटी नागरिकांना सक्तीची आहे. मग हातानं पत्र लिहिणारे किती उरणार? साधं गावातल्या गावात पत्र टाकायला 29 क्रोनर पडायचे, म्हणजे आपले साडेतीनशे रुपयांच्या वर. तुम्हाला कोल्हापुरात रमणमळ्याच्या हेड पोस्टात पोस्टकार्ड अजून 50 पैशांना मिळतं, हे मी इथल्या मैत्रिणीला सांगितलं तर तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

रस्त्यावरच्या 1,500 लाल पेट्या काढून टाकल्या. त्यांच्यावर राजमुकुट आणि टपालाचं शिंग असायचं. त्यातल्या हजार पेट्या डिसेंबरात विकायला काढल्या, तर तीन तासांत संपल्या. एकेक पेटी दीड-दोन हजार क्रोनरला! बातमी वाचून मला बरं वाटलं नाही, आबा. लोकांनी पेटी घरी नेली, पण पेटी शेवटी लोखंड. तिच्यातून गेलेली पत्रं किती जणांनी ठेवली असतील? आपल्याकडे पेटी नाही, पत्रं आहेत, तीही ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं. आणि आपण ती किलोवर विकायला निघालोय.

हे पत्र दाओ नावाच्या खासगी कंपनीमार्फत येतंय. मी कोपऱ्यावरच्या दुकानात देऊन येणार. पोस्टनॉर्डची तिकिटं आता चालत नाहीत, त्यामुळे पाकिटावर छापील पट्टी दिसेल. ओंकार हिरमुसेल, पण पट्टीसकट पाकीट जपून ठेवायला सांगा.

त्यानं पाठवलेला एक फोटो मी मोठा करून करून पाहिला. आजोबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते तेव्हाचं, राजकोटच्या व्यापाऱ्याचं कार्ड. बरोबर मध्ये तारेचं भोक, भोकाभोवती गंजाचा तांबूस गोल. मोडकंतोडकं मराठी: ‘माल ओला निघाला, पुढचे रवे पिवळे धमक पाठवणे, भाव तारेने कळविणे.’ (रवे म्हणजे गुळाच्या ढेपा, आणि ही तार म्हणजे टेलिग्राम.) आजोबांनी कडेला बारीक अक्षरात ‘उत्तर दिले’ म्हणून तारीख घातलीय. कार्डावर छापील किंमत ‘नये पैसे’मध्ये आहे. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली आणि ‘नया’ शब्द 1964 साली गळला, म्हणजे कार्ड त्या सात वर्षांत छापलेलं. शिक्के दोन आहेत, एक राजकोटचा निघतानाचा, एक कोल्हापूरचा पोचल्याचा, आणि दोन्हींत तीनच दिवसांचं अंतर. त्या काळी पुणे-कोल्हापूर मीटरगेज होतं, ब्रॉडगेज झालं 1971 साली. म्हणजे मुंबईकडून आलेली थैली पुण्याला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायची, रात्री चालत्या डब्यात आर. एम. एस.च्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, सॉर्टरनं खणाखणात पत्रं टाकायची, मिरजेवरून गाडी आपल्याकडे वळायची, आणि स्टेशनवरून थैली पोस्टात. एवढं सगळं थोडक्या पैशांच्या एका कार्डासाठी. मिरज-कोल्हापूर रूळ 1891 साली, शाहू महाराजांच्या हाती कारभार येण्याआधी पडले. त्याआधी हेच टपाल घाटवाटांनी हरकारे नेत होते, हातात घुंगरांची काठी, रात्री सोबत मशालवाला.

ओंकारनं या कार्डाचं छापील तिकीट कापलं तर काय उरेल? नाशिकच्या छापखान्यात कोट्यवधींनी छापलेलं एक चित्र. असली सुटी तिकिटं पसाभर मिळतात. पण राजकोटहून निघून तीन दिवसांत शाहूपुरीत पोचलेलं, ओल्या गुळाची तक्रार करणारं कार्ड जगात एकच आहे. तिकिटांचे जाणते संग्राहकही म्हणूनच अख्खं पाकीट बघतात: तिकीट, शिक्का, पत्ता, दर, सगळं एकत्र असलं तरच टपालाचा प्रवास कळतो. त्याला सांगा, अल्बम करायचाच तर तिकिटांचा नको, पत्रांचा कर.

आणि तारेवर शोधायला भरपूर आहे. 1971 च्या डिसेंबरातलं एखादं अंतर्देशीय किंवा पाकीट सापडलं, तर त्यावर पाच पैशांचं जादा तिकीट बघा. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते, तेव्हा 15 नोव्हेंबर 1971 पासून सरकारनं टपालावर पाच पैसे कर बसवला. आधी कुटुंबनियोजनाच्या चालू तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असं छापून भागवलं, मग त्यासाठी वेगळं तिकीट काढलं. मार्च 1973 पर्यंत हा कर चालला. आपल्या घरातूनही त्या लोकांसाठी पाच-पाच पैसे गेलेत, ते या पाकिटांवर दिसेल.

तसाच पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित, नाटकं-काव्य लिहिणारे, आणि टपालखात्यात अधिकारी. एकाच नावाची गावं, कुठल्या कुठल्या लिपीतले पत्ते, बिचारा सॉर्टर काय काय वाचणार? म्हणून सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा. आपल्या 416 मध्ये सांगली आणि सिंधुदुर्गही आहेत, म्हणून सांगलीला 416416 असा मजेशीर नंबर मिळालाय. ओंकारला सांगा, तारेवर खालून वर येत जा आणि पत्त्यात पिनकोड पहिल्यांदा कुठल्या पत्रावर आलाय ते शोध. मला वाटतं लोकांनी तो लिहायला चांगली दोन-चार वर्षं घेतली असतील.

एक गोष्ट मात्र तारेवर मिळणार नाही. मयताची कार्डं. कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्यावरच वाचायचं आणि घरात ठेवायचं नाही, ही रीत आजीनं शेवटपर्यंत पाळली. त्यामुळे आजोबांच्या तारेवर गुळाचे भाव आहेत, बारशी आहेत, लग्नाची बोलणी आहेत, सोळांकूरच्या आत्याच्या म्हशीची किंमतसुद्धा आहे, पण कुणी गेल्याचं एकही पत्र नसणार. थोरल्या काकांचं कार्ड कुणी आणलं, कुणी वाचलं, हे तुम्हालाच आठवत असेल. तेवढं एका कागदावर लिहून ठेवाल का? तारीख आठवली नाही तरी चालेल, कुठला सण जवळ होता ते लिहा.

आता कामाचं. तारेवरून पत्रं ओढून काढू नका, गंजानं भोकं फाटतील. पक्कड घेऊन खालची लाकडी चकती जिथं अडकवलीय तिथं तार तोडा आणि पत्रं खालून एकेक सोडवा. सगळ्यांत जुनं खाली असतं, तेव्हा क्रम मोडू नका. नंबर पत्रावर न घालता वेगळ्या चिठ्ठीवर घाला, तेही पेन्सिलीनं. सेलोटेप नको, स्टेपलर नको, आणि दादाला लॅमिनेशनची हौस आहे, त्याला आधीच सांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर आपल्या पावसाळ्यात बुरशी धरेल. स्वच्छ कोऱ्या कागदात थोडी थोडी गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा, आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत एकदा उघडून सावलीत पसरा. उन्हात नको, शाई उडते. फोटो काढताना दोन्ही बाजू घ्या, पत्त्याची बाजू आधी.

ओंकारला रविवार सोडून, पोस्ट उघडं असेल तेव्हा, रमणमळ्याला घेऊन जा आणि त्याच्या हातानं थोडी पोस्टकार्डं विकत घेऊ दे. एक सोळांकूरला आत्याला टाकू दे. ती उत्तर लिहिल्याशिवाय राहणार नाही, आणि घरात पोस्टमननं आणून दिलेलं, शिक्का बसलेलं कार्ड त्याच्या नावावर येईल. 1979 साली शाहू महाराजांचं 25 पैशांचं तिकीट निघालं होतं, ते तारेवरच्या एखाद्या पाकिटावर आहे का तेही त्याला बघायला सांगा. असलं तर मला लगेच फोटो हवा.

आईचा गुडघा कसा आहे? तेल लावून शेकते का, का नुसतंच ‘बरं आहे’ म्हणते? इथं थंडी आहे, पण घर ऊबदार आहे, काळजी नसावी. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
मनू

ता. क. ट्रंक माळ्यावर ठेवू नका. पश्चिमेच्या कोपऱ्यात कौलं गळतात. देवघराच्या कोनाड्याखाली जागा आहे.