भूकंप म्हणजे प्लेटांची टक्कर नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा नातू पाचवीत आहे. शाळेने भूकंपाचं मॉडेल करून आणायला सांगितलं, तर आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या पोरांनी थर्माकोलच्या दोन प्लेटा केल्या, त्या एकमेकांवर दाणकन आपटल्या की झाला भूकंप! मी म्हटलं अरे राजा, भारताची प्लेट, म्हणजे आपल्या देशाखालचा पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, उत्तरेकडे सरकते ती वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात त्याहून जरा जास्त, एवढ्या स्पीडने कोण कुणाला आपटणार?

खरी भानगड अडकण्याची आहे. जुन्या वाड्यात राहिलेल्यांना पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार माहीत असेल, ढकला ढकला, हलत नाही, आणि मग एकदम धाडकन उघडतं आणि आपण तोंडावर. जमिनीखालच्या भेगेचं, म्हणजे फॉल्टचं, तसंच असतं. दोन्ही बाजूंचे खडक खरखरीत, एकमेकांत रुतून बसलेले, प्लेट सरकायची काही थांबत नाही, त्यामुळे ताण साठत राहतो, खडक थोडेसे वाकतात (हो, खडकसुद्धा वाकतो!) आणि पकड सुटली की वर्षानुवर्षांचं राहिलेलं सरकणं काही सेकंदात उरकतं. त्या झटक्याच्या लाटा आपल्यापर्यंत येतात तोच भूकंप. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला सरळ रेषेतली कुंपणं मधूनच तुटून काही मीटर बाजूला गेली होती, त्यावरूनच शास्त्रज्ञांना हे उमगलं.

मग आम्ही थर्माकोल ठेवला बाजूला. टेबलावर पॉलिश पेपर चिकटवला, खरखरीत बाजू वर, त्यावर वीट, विटेला सुतळी, सुतळीला दोन-तीन रबरबँड, आणि एकाच स्पीडने हळूहळू ओढायचं. वीट ढिम्म. रबर ताणतंय, ताणतंय, आणि टुण्णकन वीट पुढे! दहा वेळा केलं, दर वेळी उडी वेगळी आणि वेळही वेगळी. नातू म्हणाला, आजी, कधी हलणार ते आधी सांगताच येत नाही की. बरोब्बर! "उद्या रात्री अमुक वाजता भूकंप" असले मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या मोठ्या माणसांना हे कधी कळणार कोण जाणे.

त्याचा पुढचा प्रश्न, प्लेटची कड तर हिमालयाकडे, मग महाराष्ट्रात भूकंप का? तर कडेला रेटा बसला की ताण अख्ख्या प्लेटमध्ये पसरतो आणि मधल्या जुन्या, आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकाखाली गाडलेल्या भेगा कधीतरी सुटतात. किल्लारी तसंच, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, दगडमातीची जड घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले.

कोयनेला आणखी एक गोष्ट झाली, धरणाच्या पाण्याचा दाब भेगांमध्ये उतरून खडकांची पकड ढिली झाली. ताण आधीचाच होता, पाण्याने फक्त निमित्त दिलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारनंतर आमच्या पेठेतल्या वाड्यात मांडणीवरची भांडी खणखणत खाली आली, मी तेव्हा चौथीत होते, आई म्हणाली मांजर असेल, आणि मग भिंतीवरचं घड्याळ हलताना दिसलं.

तर विनंती एवढीच, की येत्या ११ डिसेंबरच्या आसपास मुलांच्या पानावर तो प्लेटा आपटतानाचा फोटो नको, हा विटेचा प्रयोग छापा, साहित्य घरात असतंच आणि वीट कुठल्याही बांधकामावर मिळते (पुण्यात बांधकामांना तोटा नाही). आमची वीट शाळेत न्यायला सूनबाईने साफ नाही म्हटलंय, दप्तर आधीच जड आहे म्हणून, तेव्हा नातू नुसता व्हिडिओ दाखवणार आहे.

आपली,
एक आजी, सिंहगड रोड, पुणे