जातोस तर पूर्ण जा

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तू जर्मनीचं पाचारण, म्हणजे तिथल्या मंडळीनं पाळक म्हणून दिलेलं बोलावणं, स्वीकारलंस हे चांगलं केलंस. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. गेल्या रविवारी उपासनेनंतर तू ते पत्र वाचून दाखवलंस, तेव्हापासून घरचा फोन थांबत नाही. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "तुम्ही शब्द टाकलात तर साहेब राहतील." मी कुणालाही तसं कबूल केलेलं नाही आणि करणार नाही. समोर बसून बोलावं तर तुझ्या आईचे डोळे भरून येतात, तू तिची समजूत घालत बसतोस आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून हे पत्र.

लोक पगाराबद्दल बोलतील. काही जण बोलू लागलेच आहेत. तिथे पगार जास्त आहे हे खरं आहे, आणि सूनबाईनं इतकी वर्षं तुटपुंज्या पैशात घर चालवलं हेही खरं आहे. त्याचा खुलासा करत फिरू नकोस. तू इथलं आणि जर्मनीचं अशी दोन्ही बोलावणी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपुढे ठेवलीस, कुणालाही अंधारात न ठेवता प्रार्थनेला वेळ मागितलास, मग मोकळं करा अशी विनंती केलीस, आणि मंडळीच्या सभेनं मत देऊन तुला मोकळं केलं. माझं लहानपण नगरकडे गेलं. आमच्या मंडळीत तेव्हा वरून पत्र यायचं, पाळकांचं सामान टेम्पोत चढायचं आणि पुढच्या रविवारी नवे पाळक उभे असायचे. तुझं जाणं तशी बदली नाही. मंडळीनं तुला रीतसर निरोप दिला आहे, आणि तो निरोप तूही रीतसर घ्यावास एवढंच मला सांगायचं आहे.

दृढीकरणाच्या वर्गात तू मुलांना 1530 चा आउग्सबुर्ग कबुलीजबाब, म्हणजे आपल्या लुथरन विश्वासाची कलमं, शिकवायचास, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून ऐकायचो. चौदावं कलम मला पाठ आहे: रीतसर पाचारण झाल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये आणि संस्कार देऊ नयेत. तू शिकवलंस तेव्हा ते येणाऱ्या पाळकाबद्दल होतं. मी ते जाणाऱ्या पाळकाबद्दलही वाचतो. ज्या दिवशी इथलं पाचारण संपलं, त्या दिवशी इथला तुझा अधिकारही संपला. प्रेम संपत नाही, ते कुणी संपव म्हणतही नाही. अधिकार मात्र संपतो.

हे मी इतकं जोर देऊन का लिहितो ते सांगतो. तू तेव्हा चेन्नईला गुरुकुलात, पाळकांच्या महाविद्यालयात, शिकत होतास, त्यामुळे तुला हे सगळं ऐकीव आहे. तुझ्याआधी इथे जे पाळक होते त्यांच्याही आधीचे पाळक दुसऱ्या शहरात गेले. माणूस प्रेमळ, उपदेश असा की दाराशी उभी राहणारी पोरंही आत येऊन बसायची. पण ते गेले आणि गेलेच नाहीत. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी त्यांचा फोन. लग्नाची तारीख त्यांच्या सवडीनं ठरायची. पंचांच्या बैठकीत काय झालं हे त्यांना रात्रीच्या आत कळायचं. नवे पाळक तरुण होते, जरा अबोल. लोक त्यांना तोंडावर "साहेब" म्हणायचे आणि "आपले साहेब" म्हणताना त्या दुसऱ्यांचं नाव घ्यायचे.

मग शिवडीच्या दफनभूमीतला तो प्रसंग घडला. जून महिना, पावसाची झड लागलेली. खड्ड्याच्या तळाला पाणी साचलेलं, पेटी कडेला दोरांवर ठेवलेली. नवे पाळक झगा घालून, उपासनेचं पुस्तक उघडून उभे होते. ते पहिलं वाक्य वाचणार तोच मयताच्या थोरल्या मुलानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढला, स्पीकर लावला आणि छत्रीखाली धरला. पलीकडून जुन्या पाळकांनी प्रार्थना सुरू केली. रेंज जात होती, शब्द तुटत होते, माणसं कान देऊन फोनच्या बाजूला सरकत होती. नव्या पाळकांनी पानात अंगठा ठेवून पुस्तक मिटलं आणि तसेच उभे राहिले. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मी पंच म्हणून त्यांच्या शेजारी होतो. पुस्तकात अडकलेला तो अंगठा मी आजही विसरलेलो नाही.

वर्षभरात ते सोडून गेले. पुढे बराच काळ मंडळीला पाळक नव्हता. दर रविवारी कुणीतरी पाहुणे येऊन उपदेश करायचे, प्रभुभोजन महिना-महिना लांबायचं, आणि त्या काळात जी घरं तुटली त्यांतली काही अजून परत आलेली नाहीत. जुन्या पाळकांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी जे केलं ते प्रेमानंच केलं, आणि तू त्यांच्याहून कमी प्रेमळ नाहीस, म्हणून मला भीती वाटते.

तेव्हा निरोपाच्या रविवारी वेदीवरून स्वच्छ सांग. आजपासून बाप्तिस्मा, लग्न, मयत, आजारपण यासाठी मला फोन करू नका, पंचांना करा. नवे पाळक आले की त्यांना करा. हे तूच सांगायला हवंस. आम्ही सांगितलं तर लोक म्हणतील, पंचांनी साहेबांना तोडलं. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून त्याच रात्री बाहेर पड. पुढच्या मे महिन्यातल्या लग्नासाठी ज्यांनी तुला आत्ताच शब्दात अडकवायचा प्रयत्न केलाय, त्यांना नाही म्हण. पाहुणा म्हणून येता आलं तर ये, जेव, आशीर्वाद दे, पण विधी इथल्या पाळकांनाच करू दे. आणि ती दिवस भरत आलेली आपली पोर, जी म्हणते की बाळाला हात तुम्हीच लावायचा, नाहीतर थांबू, तिला थांबू देऊ नकोस. त्या कबुलीजबाबाचं आठवं कलम तिलाही तूच शिकवलंयस: देणारा माणूस कसा आहे यावर संस्कार टिकत नाही, तो ख्रिस्ताच्या आज्ञेवर टिकतो. पाळक कसाही असला तरी बाप्तिस्मा खराच, मग नवा आला म्हणून तो कमी कसा होईल? तिच्या घरी जाऊन हे सांग. फोनवर नको.

गोदीत पाळी बदलताना जाणारा टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजणारा कारकून, वही नव्या माणसाच्या हाती देऊन, सही घेऊन फाटकाबाहेर पडायचा. तो धक्क्यावर रेंगाळला तर मोजणीत घोळ व्हायचाच. पण वही नीट लिहून दिली नाही तरी घोळ व्हायचा, आणि मला वाटतं खरं काम तिथेच आहे.

बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही अद्ययावत कर. लग्नाची वही विशेष, कारण ती 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याची बाब आहे आणि सही राहून गेली तर पुढे पासपोर्टपासून वारसापर्यंत त्या नवरा-बायकोची परवड होते. त्याशिवाय एक साधी वही कर, घरी प्रभुभोजन लागणाऱ्यांची. अँटॉप हिलच्या त्या आजी इमारतीची लिफ्ट बंद असली की महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. वडाळ्याच्या आजोबांना गिळता येत नाही, त्यांना भाकर द्राक्षरसात भिजवून चमच्यानं द्यावी लागते. कुणाकडे तमिळमधून प्रार्थना हवी, कुणाकडे मराठीतून, कुणाच्या घरी दुपारी तीननंतरच जायचं, कारण सून कामावरून आल्याशिवाय दार उघडायला कुणी नसतं. कल्याण-अंबरनाथहून येणारी कुटुंबं मेगाब्लॉकच्या रविवारी उशिरा पोचतात आणि तू त्यांच्यासाठी पहिलं गीत लांबवतोस, हेही लिही. नव्या माणसाला हे कोण सांगणार?

पण लोकांनी तुझ्याजवळ उघड केलेलं मन त्या वहीत नको, एक ओळसुद्धा नको. कोण पितो, कोणाच्या घरात मारहाण होती, कोणत्या भावानं कुणाचं घर बळकावलं, कुणाची कसली कबुली तू ऐकलीस. दीक्षाविधीच्या वेळी तू ते जपायची शपथ घेतलीस आणि ती मंडळीबरोबर संपत नाही. नव्या पाळकांना "त्या कुटुंबापासून जरा जपून" एवढंही सांगू नकोस. ज्यानं पाप कबूल केलं आणि क्षमा ऐकली, त्याला नव्या पाळकांसमोर कोऱ्या पाटीनं उभं राहण्याचा हक्क आहे. ते ओझं तुझ्याबरोबर विमानात जाईल, त्याला इलाज नाही.

आता तिकडचं थोडं. तू सॅक्सनीत जातोयस. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला 9 जुलै 1706 रोजी उतरलेला लुथरन मिशनरी बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग तिथलाच, पुल्सनिट्झ गावचा. तेव्हा तो तुझ्याहूनही लहान, चोवीसच्या आतबाहेर. तमिळ शिकायला तो गावातल्या पोरांच्या शाळेत पोरांबरोबर बसला आणि वाळूत बोटानं अक्षरं गिरवली. तूही जर्मन तशीच शीक. परीक्षेचं प्रमाणपत्र तुझ्याकडे आहेच, पण म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशी बसून बोलायची भाषा प्रमाणपत्रात नसते. आणि तिथल्या रिकाम्या बाकांवरून कुणाला उपदेश करू नकोस. तिथे मंडळीच्या सभासदाला आयकराच्या 9 टक्के इतका चर्चचा कर भरावा लागतो, पुष्कळ लोक सरकारी कचेरीत जाऊन आपलं नाव काढून घेतात. जे उरलेत त्यांनी ठरवून उरायचं पत्करलंय. त्यांना मान दे. त्याच भागातल्या लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये सोमवारच्या प्रार्थनांना जमणाऱ्या माणसांनी 1989 मध्ये शांततेत रस्त्यावर उतरून पूर्व जर्मनीची राजवट कशी हलवली, ते तू मला सांगितलं होतंस.

तंजावरला तुझ्या आईच्या माहेरी गेलो होतो, तेव्हा किल्ल्यातल्या चर्चमधलं संगमरवरी शिल्प पाहिलं. जॉन फ्लॅक्समननं घडवलेलं. मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि सरफोजीराजे भोसले त्याचा हात धरून उभे आहेत. मराठी राजा आणि लुथरन पाळक. राजांनी लहानपणी त्याच्या हाताखाली शिक्षण घेतलं होतं. मला अभिमान वाटला, पण मनात आणखी एक गोष्ट राहिली. श्वार्ट्झ 1750 मध्ये हिंदुस्थानात आला, पुन्हा घरी गेला नाही, 1798 मध्ये तंजावरातच वारला. त्या काळी पत्राला महिने लागायचे. मागच्या माणसांना धरून ठेवायची सोयच नव्हती. तुझ्या खिशात ती सोय आहे, म्हणून तुला हे मन घट्ट करून ठरवावं लागणार.

पैशांचंही तेच. तिथे स्थिरावलास की छपरासाठी पैसे पाठवावेसे वाटतील. पहिलं वर्ष पाठवू नकोस. ज्याच्या पैशानं छप्पर होतं त्याचं मत मागितल्याशिवाय पंच पुढे एक खिळा ठोकत नाहीत, आणि नवे पाळक पुन्हा दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखे राहतील. तिथली मंडळी उत्साहानं वर्गणी काढू म्हणाली तर त्यांना आधी सांग की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय इथे परदेशी देणगी घेता येत नाही. नंतर नाही म्हणायला त्यांना आणि आपल्यालाही वाईट वाटेल.

निरोपाच्या उपदेशासाठी प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय घेणार आहेस असं सूनबाई म्हणाली. घे. पौलानं इफिसच्या वडिलांना मिलेतात बोलावलं, काय केलं ते सांगितलं, आणि त्यांना देवाच्या स्वाधीन केलं. त्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही म्हणून ते रडले. मग जहाजापर्यंत पोचवायला गेले. जहाजात कुणी चढलं नाही आणि पौल धक्क्यावर परत उतरला नाही. त्या ठिकाणी जरा थांब, लोकांना रडू दे. तूही रडलास तरी चालेल.

आमची काळजी करतोस हे मला ठाऊक आहे. आईचं गुडघ्याचं दुखणं आणि माझं वय हे दोन्ही बघून तू पहिल्यांदा नाहीच म्हणणार होतास, तेही मला सूनबाईकडून कळलं. बाळा, आम्हाला मंडळी आहे. तू आमचा मुलगा म्हणून हवा तेव्हा फोन कर, रोज कर, आईला नात दाखव. पण आमचा पाळक इथे जो असेल तो. माझी वेळ येईल तेव्हा इथले पाळक मला शिवडीला नेतील आणि पुस्तक तेच वाचतील. तुला पोचता आलं तर पहिल्या ओळीत आईचा हात धरून उभा राहा. नाही पोचलास तर कुणीही फोन लावायचा नाही, हे मी पंचांना लेखी देऊन ठेवलं आहे.

शनिवारी संध्याकाळी सहाला खजिनदार येतील. दोन्ही नोंदवह्या, किल्ल्यांचा जुडगा आणि प्रभुभोजनाची पात्रं घेऊन ये, मोजून सही करून घेऊ. नंतर इथेच जेवा, आई काळ्या मसाल्याचं मटण करणार आहे. घरी प्रभुभोजन लागणाऱ्यांची वही तोवर झाली नाही तर सोमवारी मी तुझ्याबरोबर बसतो, अँटॉप हिलच्या आजींकडे दोघं मिळून जाऊ.

तुझा,
बाबा