करवतीच्या पात्यातली ‘दमास्कस’ सुरी : धार नक्षीमुळे टिकत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

भंगारातल्या करवतीच्या पात्यांपासून दमास्कस सुऱ्या, म्हणजे पोलादाचे थर जोडून अंगावर नक्षी आणलेल्या सुऱ्या, बनवण्यावर तुमच्या पुरवणीत आलं ते वाचलं, विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्यू, लोहारकामावर मराठी पेपरात लिहितंय कोण. पण ‘कडक आणि मऊ पोलादाचे थर असतात म्हणून धार जात नाही’ असं जे छापलंय ते काही बरोबर नाही, आणि व्हिडिओंमधून पण हेच फिरतंय म्हणून लिहायला बसलो.

सॉ मिलच्या रुंद बँडसॉची (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्ट्याच्या करवतीची) पट्टी बऱ्याचदा १५एन२० जातीच्या स्टीलची असते, कार्बन साधारण ०.७५ टक्के आणि निकेल २ टक्के. निकेलमुळे पट्टी चिवट राहते, दिवसभर चाकांवरून वाकत फिरली तरी लवकर तुटत नाही. सुरीवाल्यांना निकेल हवं ते वेगळ्याच कारणासाठी. ते जोडीला बिननिकेलचं हाय कार्बन स्टील घेतात, १०८४ म्हणा नाहीतर जुनी कानस, आणि दोन्ही एकाआड एक रचून गठ्ठा वेल्डिंगने टॅक करतात, लाल झाला की वर टाकणखार, मग चांगला पिवळा होईपर्यंत भट्टीत, म्हणजे १२५० डिग्रीच्या आसपास. पहिले घाव हलके मारायचे, जोर केला की वितळलेला टाकणखार अंगावर उडतो आणि थर सरकतात ते वेगळंच. जोड बसला की लांबवायचं, तोडायचं, परत रचायचं. ७ थरांचे तीन तुकडे एकावर एक ठेवले की २१, परत तसंच केलं की ६३.

आता खरी गोष्ट अशी की एवढ्या उष्णतेत कार्बन जागेवर बसत नाही. थर पातळ झाले की तो इकडून तिकडे जातो आणि बघता बघता सगळीकडे जवळपास सारखा होतो, म्हणजे कानशीत १ टक्क्याच्या वर होता, पट्टीत पाऊण होता, तर शेवटी दोन्हीकडे मधलंच काहीतरी. कडक थर, मऊ थर राहिलेच कुठे? निकेल मात्र फारसं हलत नाही. म्हणून तयार सुरी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवली (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड बनवणारे वापरतात तेच) की साधा थर काळा पडतो आणि निकेलवाला चकचकीत राहतो, नक्षी दिसते ती एवढ्यामुळेच. धार टिकणं न टिकणं कार्बनवर, तेलात नीट विझवण्यावर आणि मग २०० डिग्रीच्या आसपास टेंपर करण्यावर, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून परत तापवण्यावर. नुसत्या पट्टीची बिननक्षीची सुरी पण तितकीच छान कापते. नक्षीचे पैसे मेहनतीचे आणि देखणेपणाचे, ते जरूर द्यावेत, पण कशाचे देतोय ते माहीत असावं.

आणि ‘कुठलंही जुनं पातं चालतं’ हे तर छापायलाच नको होतं. धातू कापायच्या बायमेटल पट्टीला दातांच्या बाजूने हायस्पीड स्टीलची कड असते, ती आधी ग्राइंड करून काढावी लागते. गोल पात्यांचे कार्बाइडचे दात घासले तर कोबाल्टची धूळ उडते, ती फुफ्फुसाला वाईट. काही बँडसॉ पट्ट्यांत निकेल नसतंच, मग एवढी मेहनत करून नक्षी जेमतेम. त्यापेक्षा पट्टीचा एक तुकडा घासून कानशीच्या तुकड्याबरोबर त्याच फेरिक क्लोराइडमध्ये टाकून बघायचा, काळा झाला तर सोडून द्या.

‘प्राचीन भारतीय कला’ म्हटलंय त्याबद्दल थोडंच. आपलं वूट्झ, तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत बनायचं ते, मुशीत वितळवलेलं पोलाद होतं, त्याची नक्षी आतल्या कार्बाइडमुळे (लोखंड-कार्बनच्या कडक कणांमुळे) उमटते, पट्ट्या रचून नाही. रचून जोडायची पद्धत युरोपात व्हायकिंग तलवारींत आहे, आणि सुरीवाल्यांमध्ये ती परत गाजली अमेरिकेत, १९७३ साली तिथले सुरी बनवणारे बिल मोरन यांनी तशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्यावर. वूट्झचा अभिमान मलाही आहे हो, पण तो इथे चिकटवू नका.

शक्य झालं तर पुढच्या अंकात हेही छापा, कारण ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ‘दमास्कस’ सुऱ्यांपैकी काहींवर नक्षी नुसती वरून छापलेली असते. एका कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर मारून परत फेरिक क्लोराइड लावा, खरी असेल तर नक्षी पुन्हा उमटते.

– आपला एक वाचक, कोल्हापूर