चर्चच्या दाखल्याविना ख्रिस्ती : सरांना आभारपत्र

आदरणीय सर,
सप्रेम सलाम.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुठल्याच चर्चच्या रजिस्टरात नाव नसलेली जी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांच्या वतीने हे पत्र. रविवारी घरात शास्त्र वाचायला आणि गीत म्हणायला कुणाचा शिक्का लागत नाही. तो आठवतो लग्नात, मयतीत आणि वाटणीत. तिथे कायदा काय मागतो आणि चर्च कमिटी काय मागते, हे तुम्ही वेगळं करून दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

सगळ्यात घोळ लग्नाचा. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती धर्म मानणारा, एवढीच व्याख्या. पंथ विचारलेलाच नाही. पण कलम 4 कडक आहे. दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असला, तरी त्या कायद्याखालचं लग्न अधिकार असलेल्या पाळकासमोर किंवा विवाह निबंधकासमोरच लागलं पाहिजे, नाहीतर ते रद्दबातल. घरसभेतल्या, म्हणजे घरीच भरणाऱ्या प्रार्थनासभेतल्या, वडीलधाऱ्याने प्रार्थना केली, हार पडले, पंगती उठल्या, आणि त्या वडीलधाऱ्याकडे लग्न लावायचा परवाना नाही, तर पुढे पासपोर्टला आणि पेन्शनला रडारड ठरलेली.

म्हणून तुम्ही 1954 च्या विशेष विवाह कायद्याची वाट दाखवलीत. दोघांपैकी एकाने तरी नोटिशीआधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं. नोटीस लागल्यावर 30 दिवस हरकतींसाठी थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन सही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर नोटीस पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे खरी अडचण सीमेची. मुलगी चंदगडची, मुलगा बेळगावचा, म्हणजे नोटिशीची प्रत कोल्हापूर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. आधारवर एक पत्ता आणि राहणं दुसरीकडे असलं की तिथेच फाईल अडते. पत्त्याचं काम आधी, हॉल नंतर, हा तुमचा हट्ट बरोबरच. सकाळी सही, संध्याकाळी घरी प्रार्थना, यात कुणाचं काही अडत नाही.

मयतीचं मात्र कायद्याने सुटत नाही. दफनभूमी बहुतेक चर्चची, आणि कमिटी सभासदत्व नि वर्गणी विचारणारच. जागा कमी असल्यावर त्यांचंही चुकत नाही. म्हणून घरात म्हातारं माणूस असेल तर धडधाकट असतानाच कमिटीशी किंवा ग्रामपंचायतीशी बोलून जागेचा होकार लेखी घ्यायचा. मयत दारात असताना वाद घालणं फार वाईट. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत, आणि मृत्यू जिथे झाला तिथे. मिरजेच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाची नोंद मिरजेलाच होते. बेळगावात खेटे घालून उपयोग नाही.

वाटणीला 1925 चा वारसा कायदा. त्यात ख्रिस्ती धर्माचं कुठलंही रूप मानणारा भारतीय माणूस येतो, म्हणून चर्चचा दाखला लागत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही द्यायचं आहे त्याची किंवा त्याच्या बायकोची साक्ष घेऊ नये, त्याचं देणं फुकट जातं.

बाप्तिस्म्याची वही ठेवायची सवयही तुमचीच: तारीख, जागा, कुणी दिला, दोन साक्षीदार, आणि पाण्याने, पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने दिला ही नोंद. उद्या मूल मोठ्या चर्चमध्ये गेलं, तर जुन्या पंथांपैकी बहुतेक असा बाप्तिस्मा मान्य करतात, पुन्हा देत नाहीत. बालपणीचा बाप्तिस्मा न मानणारी मंडळी मात्र पुन्हा सांगतील. ते आधीच ठाऊक असावं.

‘हे नवीनच खूळ’ म्हणणाऱ्यांना तुम्ही पंडिता रमाबाईंचं नाव सांगता. 1883 साली इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊनही त्या एका पंथात बांधून राहिल्या नाहीत. कवी ना. वा. टिळकांनी तर 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. त्यांची भजनं आज सगळेच पंथ गातात, हे गमतीचंच.

एक विनंती राहिली. तुम्ही कन्नडमध्ये करून दिलेला प्रतिज्ञापत्राचा मसुदा आमच्याकडे एकाच्याच घरी आहे. झेरॉक्स काढून निपाणी आणि खानापूरच्या कुटुंबांना द्यायची परवानगी द्यावी.

आपली,
घरसभेची मंडळी